जुन्या जीपगाडीचे सुटे भाग : पारख आणि पुरवठा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतीची सर्व सिद्धता करून ठेवावी, ही कोकणातील शेतकऱ्याची पिढीजात रीत होय. राब भाजून झालेले असतात, बांधांची डागडुजी उरकलेली असते, बियाणे निवडून ठेवलेले असते. या सिद्धतेत एका गोष्टीकडे मात्र बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे गावातील जुनी जीपगाडी. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडील घ्या किंवा पोलादपूरकडील डोंगरउतारावरच्या वाड्या घ्या, पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडला की पुढच्या चिखलात व ओढ्यात चारही चाकांना गती देणारे वाहनच काय ते चालते. खताची पोती तिच्यातून शेताच्या वाटेपर्यंत जातात, भात गिरणीवर जाते, आणि आडवेळेला एखादा आजारी माणूस महाडच्या दवाखान्यात पोहोचतो तोही तिच्यातूनच. अशी गाडी बंद पडते ती नेमकी आषाढात, आणि पुष्कळदा तळहातावर मावेल एवढ्याच एखाद्या भागासाठी.

गाडी जुनी झाली, आता तिचे भाग मिळत नाहीत, हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते फार थोड्या बाबतीत खरे आहे. भाग मिळतात, परंतु मागणाऱ्यालाच आपणास नेमके काय हवे ते सांगता येत नाही. मिस्त्री नाव सांगतो, मालक ते नाव घेऊन दुकानात जातो, दुकानदार त्या नावाचे जे हाताशी असेल ते देतो, आणि आणलेला भाग बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो कसाबसा बसतो व महिनाभरात दुसऱ्या चार भागांना घेऊन जातो.

हा घोटाळा का होतो, हे जीपच्या इतिहासावरून ध्यानात येईल. जीप आणि ग्रामविस्तार यांचा संबंध जुनाच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला, तेव्हापासून गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यांच्या परिचयाची झाली. अमेरिकेतील विलिस कंपनीच्या नमुन्याची ही गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनी जुळवू लागली. सीजे-३बी हा तिचा उंच बॉनेटचा नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला व तेथे १९६८ साली बंद झाला; भारतात मात्र तो त्यानंतरही पुष्कळ वर्षे तयार होत होता. मधल्या काळात गाडीचे बाह्य रूप फारसे बदलले नाही, पण आतील यंत्रे बदलत गेली. मूळचे पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल इंजिने आली. त्यांपैकी एक इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या कुळातले, तर दुसरे फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार केलेले, २११२ घन सेंटिमीटरचे. गिअरपेटी प्रथम तीन गतींची होती, मग चार, मग पाच गतींची आली. १९८५ साली मारुतीची जिप्सी निघाली. तिचेही उत्पादन आता थांबले आहे. या सर्व गाड्यांना खेड्यात सरसकट 'जीप' म्हणतात. त्यात भर अशी की तीस-चाळीस वर्षांच्या गाडीतील भाग मूळचे क्वचितच राहिलेले असतात. इंजिन एका नमुन्याचे, गिअरपेटी दुसऱ्याची आणि मागील हाउसिंग भंगारातून आणलेल्या तिसऱ्याच गाडीचे, असा प्रकार सर्रास आढळतो. त्यामुळे आरसी बुकातील नमुना वाचून भाग मागवणे हे अशा गाडीच्या बाबतीत पुरेसे होत नाही.

दुकानात जाऊन "जीपचे बेअरिंग द्या" म्हणणे हे कृषी सेवा केंद्रात जाऊन "भाताचे बियाणे द्या" म्हणण्यासारखे आहे. हळवे की गरवे, कर्जत की रत्नागिरी, कोणत्या क्रमांकाचे, हे सांगितल्यावाचून शेतकरी बियाण्याची पिशवी उचलत नाही. बेअरिंगचेही तसेच आहे. विलिस नमुन्याच्या जुन्या जीपच्या चाकातील बेअरिंगचा आतील भाग १८५९० या क्रमांकाचा व बाहेरील कडे १८५२० या क्रमांकाचे असते. किंगपिनवरील बेअरिंगचे क्रमांक अनुक्रमे ११५९० व ११५२० असे आहेत. हे क्रमांक गाडीचे नव्हेत, बेअरिंगच्या जातीचे आहेत. निरनिराळे नामांकित कारखाने याच क्रमांकाने व याच मापाने ती तयार करतात. म्हणून जे बेअरिंग "जीपचे" म्हणून मोटारीच्या दुकानात मिळाले नाही, तेच क्रमांक सांगितल्यावर कारखान्यांना माल पुरवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानात मिळू शकते. ऑइल सीलवरही आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे बहुधा ठोकलेली असतात. ती पुसली असल्यास कॅलिपरने घ्यावीत. चिखलपाण्यात फिरणाऱ्या गाडीस मिळेल तेथे दुहेरी ओठाचे सील घेणे हितावह. ट्रॅक्टरच्या कुळातील इंजिन असल्यास काही मिस्त्री थेट ट्रॅक्टरच्या दुकानात चौकशी करतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र जुना भाग बरोबर नेऊन माप जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण कूळ एक असले तरी पुढील पिढ्यांत बदल झालेले असतात.

चारही चाकांच्या गाडीची एक अडचण मात्र अशी आहे की ती साध्या मोटारीस कधीच येत नाही, आणि खेड्यातील सर्वांत खर्चाचे नुकसान त्यातूनच होते. प्रत्येक हाउसिंगमध्ये क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांची जोडी असते. क्राउनला ४३ दाते व पिनियनला ८ दाते असतील, तर प्रमाण सुमारे ५.३८ पडते. ३९ आणि ८ असतील तर सुमारे ४.८८, आणि ४१ आणि १० असतील तर ४.१० पडते. जुन्या जीपगाड्यांतून निरनिराळी प्रमाणे आढळतात. पुढील हाउसिंगचे प्रमाण आणि मागील हाउसिंगचे प्रमाण एकच असले पाहिजे. मागील क्राउन मोडला म्हणून भंगारातून ४.८८ चे हाउसिंग आणून बसवले आणि पुढे मूळचे ५.३८ चेच राहिले, तर गाडी सडकेवर उत्तम चालते. किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक वेगाने धावते म्हणून मालक मिस्त्रीवर खूश होतो. पुढे पावसात, भरल्या गाडीनिशी, चढावर पुढील चाके जोडण्याचा लिव्हर ओढला जातो. त्या क्षणापासून पुढची व मागची चाके शेकडा सुमारे दहाच्या फरकाने एकमेकांशी झगडू लागतात. चिखल खोल असेल तोवर चाके घसरून वेळ निभावते. टणक जमीन लागताच हा सर्व ताण ट्रान्सफर केसच्या गिअरांवर, साखळदंडासारख्या ताणलेल्या दोन्ही शाफ्टांवर व त्यांच्या क्रॉसवर येतो. मग "डुप्लिकेट क्रॉस निघाला" असे म्हणून दुकानदाराला शिव्या दिल्या जातात. क्रॉस कदाचित चांगलाच असेल.

प्रमाण तपासण्यास हाउसिंग उघडावे लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पुढील चाके लिव्हरने सोडवावीत, आणि मागील एकच चाक जॅकवर उचलावे. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे घेतो ते खडूची खूण करून मोजावे. एक चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो. शाफ्टचे पाच फेरे पुरे होऊन तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक झाले तर प्रमाण ५.३८, पाचास किंचित कमी पडले तर ४.८८. हीच कृती पुढील चाकावर करावी. तेथे चाक जोडणारे हब असतील तर ती प्रथम दोन्ही बाजूंस बंद करावीत. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. विलिस नमुन्याच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. या मोजणीसाठी तो सोडावा लागतोच. पण तो ओढलेला असला तरी मागील एक चाक उचलल्यावर गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून बाकीच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये, व गाडीखाली शिरू नये. भंगारातील हाउसिंग घेताना तर काम याहून सोपे आहे. झाकण उघडून दाते मोजावेत, विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

टायरांचेही हेच. पुढे एका मापाचे व मागे दुसऱ्या मापाचे, किंवा दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असले, तरी तोच झगडा लहान प्रमाणावर सुरू होतो. टायर घेताना दोनच नवे परवडतात हे खरे. तसे असेल तर निदान माप एक ठेवावे आणि पुढील चाके टणक रस्त्यावर कधीही जोडू नयेत.

आता पाण्याविषयी. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर व आसपासचा मुलूख पुराखाली गेला, त्यात असंख्य वाहने बुडाली. ज्या गाड्यांचे इंजिन उघडून साफ केले गेले, त्यांतील पुष्कळांच्या हाउसिंगकडे कोणी पाहिले नसावे, कारण इंजिन सुरू झाले की गाडी दुरुस्त झाली असे मानण्याची सवय आहे. हाउसिंगमध्ये पाणी गेल्याची खूण म्हणजे ताकासारखे पांढुरके झालेले तेल. पूर नसतानाही हे पाणी शिरते. चालून तापलेले हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले की आतील हवा आकसते आणि बाहेरून ओढ घेते. या कामासाठी हाउसिंगवर एक लहानशी हवानळी ठेवलेली असते. ती चिखलाने बुजली असेल, तर ओढ सीलच्या ओठांवर पडते व पाणी तेथून आत शिरते. दरसाल सील बदलूनही तेल गळते, अशी तक्रार ज्यांची असेल त्यांनी सीलच्या कंपनीस दोष देण्यापूर्वी ही नळी तारेने साफ करून पाहावी. नळीस रबरी लांब पाइप जोडून त्याचे तोंड बॉनेटखाली उंच बांधले, तर पुष्कळसा त्रास कायमचा जातो. जो भाग विकतच घ्यावा लागला नाही, तो सर्वांत भरवशाचा.

नव्या भागाची पारख करणे शेतकऱ्यास अवघड जाऊ नये. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी खूणचिठ्ठी, तीवरील गट क्रमांक व मुदत वाचण्याची सवय विस्तार कार्यकर्त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत गावोगाव लावली. तोच शेतकरी ब्रेकचा रबर मात्र उघड्या पुड्यातून घेऊन येतो, हे नवल आहे. बंद वेष्टन, त्यावर कारखान्याचे नाव, भागाचा क्रमांक, छापील किंमत व उत्पादनाची तारीख हे पाहिलेच पाहिजे. त्यापलीकडे जुना भाग शेजारी ठेवून वजन आणि घडण ताडून पाहावी. नकली मालात धातूची काटकसर केलेली पुष्कळदा हातालाच कळते. कठीण केलेल्या पोलादावर कानस घसरते व मऊ लोखंडावर ती धरते, ही जुन्या मिस्त्र्यांची परीक्षा क्रॉसच्या बाबतीत अजूनही खरी ठरते, पण दुकानदार ती आपल्या काउंटरवर करू देणार नाही. म्हणून नव्या दुकानातून प्रथम एकच नग घ्यावा.

पक्के बिल मागण्याचा अनेकांना संकोच वाटतो, कारण बिलाविना माल स्वस्त मिळतो. मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा १८ झाला आहे. पूर्वी पुष्कळ भागांवर तो शेकडा २८ होता. बिल टाळून वाचणारी रक्कम यामुळे आणखी कमी झाली आहे. शिवाय बिल नसलेला भाग सदोष निघाल्यास तो परत करण्यास आधार राहत नाही.

जुना वापरलेला भाग घ्यावा की नाही, यावर टोकाची मते ऐकू येतात. विवेक असा करावा की ज्यांचे काम केवळ आकार टिकवून धरण्याचे आहे, ते भाग जुने चालतात. गिअरपेटीचे कवच, हाउसिंगचे कवच, बॉडीचे पत्रे, ब्रॅकेटे हे सर्व तडा नाही एवढे पाहून भंगारातून खुशाल घ्यावे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्यास जाऊन शोध केला, तर नव्यापेक्षा चांगले ओतीव भाग मिळतात असाही अनुभव पुष्कळ मिस्त्री सांगतात. बेअरिंग, सील, ब्रेकचे कोणतेही अंग, टायरॉड एंड व स्टिअरिंगचे सांधे मात्र जुने कधीही घेऊ नयेत. वरंध किंवा आंबेनळी घाट उतरणाऱ्या गाडीत ब्रेकवर केलेली काटकसर गाडीतील माणसांच्या जिवावर बेतते. रबरी भागांविषयी आणखी एक सूचना. दुकानात दहा वर्षे पडून राहिलेला, कधीही न वापरलेला रबर हाही जुनाच समजावा. वाकवल्यावर त्यास बारीक भेगा दिसतात. ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलखेरीज दुसरे कोणतेही तेल गेल्यास नवा रबरही फुगून निकामी होतो.

इंजिन किंवा चासी यांच्या बाबतीत कागदपत्रांची बाब दुय्यम मानू नये. इंजिन बदलल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. क्रमांक खोडलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेणे धोक्याचे आहे. खासगी गाडीस पंधरा वर्षे झाल्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. रायगडच्या वाहनधारकास त्यासाठी पेणचे परिवहन कार्यालय आहे. सरकारी गाड्यांची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही व ती मोडीत काढावी लागतात. पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या जीपगाड्या लिलावात घेऊन त्यांच्यावर दुसऱ्या दोन गाड्या चालवल्या जात. तो मार्ग आता अरुंद झाला आहे, आणि म्हणूनच आज गावात जे चांगले भाग आहेत ते जपण्याचे महत्त्व वाढले आहे.

काही जाणते लोक म्हणतात की एवढी उठाठेव करण्यापेक्षा जुनी गाडी काढून कर्जावर नवी घ्यावी. ज्याच्या गाडीची चासी गंजून तडकली आहे, त्याच्यापुरता हा सल्ला योग्य आहे. अशा चासीवर पट्ट्या ठोकून प्रवासी बसवणे हा अपराधच समजावा. परंतु एक-दीड एकर भाताच्या जमिनीवर व थोड्या आंब्यावर निर्वाह असणाऱ्या कुटुंबास नव्या फोर-व्हील गाडीचा हप्ता झेपणारा नाही. तो हप्ता थकल्यावर गाडीही जाते आणि पतही जाते. जुन्या जीपचे यंत्र साधे असून गावच्या मिस्त्रीच्या हाती दुरुस्त होणारे आहे. तिला हवा आहे तो भागांचा वेळेवर पुरवठा.

हा पुरवठा एकट्या मालकाने करावयाचा म्हटल्यास महाग पडतो. एका बेअरिंगसाठी पनवेल किंवा पुणे गाठावे, तर भागापेक्षा प्रवासाचा खर्च अधिक होतो, आणि वरंध घाटातील वाहतूक पावसाळ्यात पुष्कळदा बंद ठेवावी लागते. तुडील व शेजारच्या गावांतील वाहनधारकांनी एकत्र येऊन, शक्य तेथे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेमार्फत, ही मागणी एकदम नोंदवावी. बियाणे व खते यांच्या मागणीच्या याद्या ज्या बैठकीत होतात, त्याच बैठकीत ही यादी व्हावी. संस्थेने गुदामात मोटारीचे दुकान थाटावे असा याचा अर्थ नाही. एक कुलपाचे कपाट पुरेल. चाकाची बेअरिंगे, सील, शाफ्टचे क्रॉस, ब्रेकच्या रबरांचे संच, क्लच प्लेट आणि कमानपाट्यांचे बुश एवढेच भाग ठेवले, तरी पावसाळ्यातील नेहमीच्या बिघाडांपैकी बऱ्याच बिघाडांची सोय लागेल. उरलेले भाग एस.टी. पार्सलाने मागवता येतात, परंतु त्यासाठीही क्रमांक आधी माहीत असला पाहिजे.

ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी यात यंत्रतज्ज्ञ होण्याची आवश्यकता नाही. त्यांनी प्रत्येक गाडीमागे एक साधी वही सुरू करून द्यावी. पहिल्या पानावर चासी व इंजिन यांचे क्रमांक, दोन्ही हाउसिंगच्या दात्यांची संख्या आणि टायरांचे माप लिहावे. पुढे प्रत्येक उघडलेल्या भागाचा क्रमांक, कारखाना, दुकान, बसवल्याची तारीख व किलोमीटर अशी नोंद मिस्त्रीसमोर करावी, आणि बिल त्याच पानास टाचावे. दोन पावसाळे ही नोंद ठेवली, की कोणत्या दुकानाचा माल टिकतो व कोणाचा टिकत नाही हे आपोआप उघड होते. पाच-सहा गाड्यांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर कपाटात काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हेही संस्थेच्या सचिवास त्यावरूनच ठरवता येईल. मागणीची यादी एप्रिलमध्ये पुरी करावी. माल मेच्या मध्यापर्यंत हाती आला, तर चाके उघडून बेअरिंगांत नवे ग्रीस भरण्याचे काम राब भाजणीच्या व पेरणीच्या मधल्या सवडीत होते, आणि मिस्त्रीलाही त्या वेळी फुरसत असते.